सावली गेली कुठं?

वैशाखातल्या भर दुपारी गोदू दिघीच्या धक्क्यावर आगबोटीची वाट बघत होती. कान मात्र सगळे शेजारी! भूगोलातलं विषुववृत्त खरोखर ओलांडून आलेला फकरुद्दीन खलाशी पुन्हा जहाजावर निघाला होता आणि बायको त्याला सोडत नव्हती.

“त्या मधल्या रेघेवर पाणी उकळत होता का वो?”

“न्हाय गो.”

“रेघ तरी दिसली?”

“न्हाय.”

“मंग परत कशाला जाताव?”

“तिथं दुपारी मानसाची सावली गायब होते. मागल्या खेपेला ढग होते. एकदा बघतो, मंग कायमचा घरी. अल्लाकसम!”

“कसम घेतलीत हां! आता खाली बघा.”

सूर्य बरोबर डोक्यावर आला होता. फकरुद्दीनने पायांकडे पाहिलं, मागे पाहिलं, गर्रकन गोल फिरला.

“या अल्ला! माझी सावली कुठं गेली?”

“घरी गेली. पेटी उचला, तुमी पन चला.”