अँबेसडर, जानराव अन् तो खट

…अन् पुन्हा खट! तुम्हाले सांगतो, दुसरा गिअर टाकला का खट, तिसरा टाकला का खट! आमच्या जानरावनं बापाच्या वेळची अँबेसडर मलकापूरच्या गफ्फार मिस्त्रीकडे नेली, चार गिअरवाला जुना गिअरबॉक्स काढला, पाच गिअरवाला नवा बसवला... काऊन? तर म्हणे जुना लय बोंबलते! अरे, बोंबलत होता तेच बरं होतं नं! त्याच्या बोंबलण्याखाली बाकीचे सारे आवाज गपगार झोपेल होते, ते आता एकेक करून उठले! दरवाजा किरकिर, बोनेट थडथड, अन् खालून टणटण टणटण, जशी शाळाच सुटून राह्यली! गफ्फारले विचारलं, तं पान गालात सरकवून म्हणते, “चालवा भाऊ... बसून जाईन!”

चालवली! किरकिर गेली, थडथड गेली. टणटण म्हणजे तं गफ्फारचाच पाना निघाला, गिअरबॉक्सवर इसरलेला, अन् वरून तोच म्हणते, “पाहा, सापडला का नाही?” राह्यला एकटा खट. अन् त्याची बदमाशी पाहा... गफ्फार चालवे तेव्हा गाडी चिडीचूप, जानराव बसला का खट! “गाडी तुमच्यावर रुसली भाऊ. चालवा, बसून जाईन!”

जानरावची झोप उडाली. भाकर थापता थापता बायकोले उठवे, ‘आवाज ऐक’ म्हणून गाडीत कोंबे. शेवटी रुख्मिणीवहिनी पिठाच्या हातानं कडाडली, “रविवारी लोणारले माह्या बहिणीकडे जायचं हाये. वाटेत खट ऐकू आला, तं सोमवारी गाडी वकार भंगारवाल्याच्या काट्यावर!”

काय इलाज? रविवारी खट शोधाले गफ्फारलेही संगं घेतलं, तो मागच्या सीटपुढं खाली पालथा पडला, लंबा पेचकस, स्क्रू ड्रायव्हर हो, गाडीच्या पत्र्याले टेकवेल, मूठ कानाले लावेल, डॉक्टरच्या नळीवानी. अन् जानरावनं काय अक्कल काढली? गिअर टाकला का खोकलायचं! चिखलीपर्यंत इतका खोकला, इतका खोकला, का रस्त्यातल्या म्हशी आपसूक बाजूले झाल्या! हिवरा आश्रमापाशी वहिनीले दया आली, खोकल्याची गोळी देली. घ्या! गोळी तोंडात, लोणार समोर, गिअर टाकला, खोकला काही येईना, अन्... खट!

“थांबवा!” वहिनीनं चावी काढून कमरेले खोचली अन् वकारले फोन लावला. जानराव स्टेअरिंगच्या गळ्यात पडला, “एक डाव क्लच दाबू दे वं... शेवटचा!” दाबला.

खट!

आता बोला! इंजिन बंद, चावी वहिनीच्या कमरेले, मंग वाजलं काय बे? गफ्फारनं पेचकस गिअरबॉक्सवर ठेवला, गप. क्लचवर ठेवला, गप. मंग हळूच जानरावच्या डाव्या गुडघ्यावर टेकवला, मुठीले कान लावला, म्हणे “फिरसे दबाओ!” खट! “या अल्ला! भाऊ, बेअरिंग तं तुमचीच गेली!”

वहिनी फोनवर म्हणते, “वकारभाऊ, गाडी राहू द्या. नवरा घेता काय?” तिकून वकार, “नको भाबी, इतकं जुनं मॉडेल कोणी हाती धरत नाही!”

पण गाडी वाचली नं! जानराव भर रस्त्यात नाचला, खट खट करत नाचला! अन् दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्रतीक्षाबाईनं गुडघा वाकवला, वाजवला, म्हणे, “क्लच दाबायचा नाही काका, गाडी बंद. रोज पायी चालायचं... बसून जाईल!”

आता तुम्हाले सांगतो, अँबेसडर कशी चालते? लोण्यावानी! वहिनी शिकली नं! रोज सकाळी जानराव नांदुरा रोडनं खट... खट... पायी जाऊन राह्यला, मागून अँबेसडर येते, आवाज म्हणून नाही, बाजूले आली का काच खाली होते, अन् आतून वहिनी म्हणते, “चाला, चाला... बसून जाईन!”