पत्र्यावर गेलेली कॅप

हा किस्सा मी गेल्या रविवारी चहाच्या वेळी, कोपरला सुमनमावशीच्या घरी, तिच्याच तोंडून ऐकला. त्यामुळे संवादांची जबाबदारी तिची.

दिवाळीत चकली खाताना काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, पुढच्या दाताची कॅप निघाली. त्याच दुपारी त्यांची सात वर्षांची नात ईरा हिचा हलणारा दातही पडला. मावशीने दोन्ही वस्तू कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवल्या. ईरा राहते घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये. तिथे दात टाकायला छप्पर नाही, म्हणून तिने कोपरलाच शेजारच्या पत्र्यावर पुडी भिरकावली. "उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दे!"

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी काकांची पुडी उघडली.

"काका, हा तर दुधाचा दात आहे."

घरी हे कळताच ईराने भोकाड पसरले. "म्हणजे मला आता आजोबांचा दात येणार?"

"येऊ दे की," काका म्हणाले. "भारीतला आहे. फक्त चकली जपून खा."

रडणे वाढले. शेवटी काका स्वतः शिडी लावून पत्र्यावर चढले. पुडी नव्हती. मग त्यांनी दुधाचा दात तिथे ठेवला आणि उंदराकडे मोठ्याने दात बदलून मागितला.

अलीकडेच ईराचा नवा दात दिसू लागला; चांगला रुंद. तिने लगेच व्हिडिओ कॉल केला.

"आजोबा, तुमचाच आलाय!"

पक्का दात दुधाच्या दातापेक्षा मोठाच असतो, याची मी एका दंतवैद्य मित्राकडून खात्री करून घेतली. कॅप कोणी नेली, याची मात्र करता आली नाही.