पुसलेलं तेल

शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात कात्रीला धार लावून घ्यायला आलेला न्हावी कान टवकारून उभा होता. त्याच्यापुढे एक सासू आणि सून. कारागीर त्यांच्या मशीनचं चाक फिरवायला गेला, तर ते जागचं हलेना.

“तेल कधी घातलं होतं?”

“रोज सकाळी घालते, दादा.”

“मग आत कोरडं ठणठणीत कसं? दांडा बुशात, म्हणजे या लोखंडी नळीत, घट्ट बसतो. मध्ये तेल नसलं की लोखंडच लोखंडाला खातं. हे पार खाल्लंय.”

“आमच्या सासूबाईंना विचारा.”

“मला तेलकट घाण खपत नाही बाई. रोज संध्याकाळी रॉकेलचा बोळा घालून आतपर्यंत पुसते. चार लोक येतात घरी!”

“ते कपडे शिवायला टाकतात, आई. तुमचं चकचकीत लोखंड बघायला येत नाहीत. आता त्यांना काय तोंड दाखवू?”

“बघितलंत? हिचं मशीन मी स्वच्छ ठेवायचं, वर हिचीच बोलणी खायची!”

“दादा, दुरुस्त झालं की माझ्या माहेरी पोचवा. यापुढे मी तिथेच शिवणार.”

“अगं, मग घरचं कोण बघणार?”

“तुम्ही. पुसा की हवं तेवढं.”