उल्बोसिन आपांकडचं दूध

आई उल्बोसिनचे गुडघे गेले होते. तिला बाजारातलं दुकान बंद करायला सांगावं, म्हणून रौशन अक्ताउच्या बसमध्ये बसली. पुढच्या बाकावर दोघी अनोळखी बायका बोलत होत्या.

"किनाऱ्यावर उंटिणीचं दूध घेतलं. नुसतं पाणी हो, ताई."

"सुट्टीला आलात, समुद्र बघा. खरेदी मात्र बाजारात करा. उल्बोसिन आपांकडे जा."

"ओळखायचं कसं?"

"आधी चाखायला देतील. दूध कालचं असलं तर स्वतःच सांगतील, आज नेऊ नका म्हणून."

"मग त्यांचं चालतं कसं?"

"गिऱ्हाईक परत येतं ना. माझी मुलगी आजारातून उठली, तेव्हा आपा रोज घरी दूध आणून द्यायच्या."

बाजाराच्या थांब्यावर रौशन घाईने त्यांच्याआधी उतरली.

"आई, सरक जरा," दुकानात शिरत ती म्हणाली. "पेले मी धुते. गिऱ्हाईक येतंय."