गोजरबाईचा निंब

...अन् वरतून मलेच इचारतात, "काऊन बे, तू तं शेजारी, तू काऊन नाही बोलला?" आता घ्या! मी बोललो नसन काय? अहो, मी कोण, ज्याची बायको मेली तो उकंडराव दिवसभर सांगून राह्यला होता, "झाडाले हात नका लावू रे बाप्पा"... पण ऐकते कोण!

तुमाले सांगतो, गोजरबाई म्हणजे आमच्या गल्लीतली एक तऱ्हाच होती. वरवट बकालकडून आमच्या गावात शिरा, गल्लीच्या तोंडाशीच तिचं घर अन् दारात हा एवढा कडूनिंब. लावला कोणीच नाही. कावळ्यानं टाकली निंबोळी, अंगणात रुजली, अन् ही तवा नवी नवरी, हातची हळद निघाली नव्हती, हिनं ते रोप पाह्यलं अन् त्याच्या भवती काट्या रोवल्या. झालं! तवापासून त्या घरात पाण्याचा थेंब वाया गेला असन तं शप्पथ! डाळ धुतली, पाणी झाडाले. राखेनं भांडे घासले, धुवण झाडाले. अन् उकंडरावनं आंघोळ कुठं करायची? झाडाखालच्या दगडावर! पूस महिन्याची थंडी, वारं असं झोंबून राह्यलं, हा बापडा उघडाबंब कुडकुडत बसला, अन् ही बाई काय म्हणते, "जरा तिकडं सरका ना, मुळीले पाणी जाऊन नाही राह्यलं!" नवा जावई आला, नवा हो, मांडवातून आलेला, त्यालेही तिथंच बसवलं! तो लाजून अर्धा झाला. म्हणे, "मामी, आत न्हाणी नाही काय?" तं म्हणे, "आहे ना बाप्पा. पण न्हाणीत झाड कुठं आहे?"

सकाळी सारी गल्ली दातवणाले त्याच निंबाखाली, अन् हिचा पहारा. कोणी फांदी वाकवली की आलाच आवाज, "ओ माणिकराव! तोंड एक आहे का चार? एक काडी घ्या अन् चालू लागा!" अन् तो माणिकराव, एवढा मिशीवाला गडी, दुसरी काडी धोतराच्या सोग्यात लपवे! हसता काय? तुमीही लपवली असती.

नवं राज्य झालं, त्याच्या दोन-चार वर्षांनी आमच्या गावात वनमहोत्सव आला. भगवानराव, म्हणजे उकंडरावचा चुलतभाऊ, वयानं लहान पण भाऊकीत वजनदार, गळ्यात हार घालून भाषण देऊन राह्यला, झाडं लावा, झाडं जगवा... अन् ही मधातच उठली. "भाऊजी, झाडं लावता ते बेस केलं, पण तुमच्या हाराले एवढ्या कळ्या काऊन खुडल्या?" सारे हसले. भगवानरावही हसला. माणूस चांगला आहे हो, खोटं काऊन बोलू? लहानपणी तिच्याच हातची भाकर खाऊन मोठा झाला, वहिनी म्हणजे त्याले मायच. अन् हेच तं दुखणं आहे ना! वैऱ्यानं झाड तोडलं असतं तं दोन शिव्या तरी देता आल्या असत्या.

मंग म्हातारपणी तिनं एक खूळ काढलं. म्हणे, माणूस मरते अन् जाताना एक झाड संगं घेऊन जाते, मी नाही नेणार. अन् सपरीत छपराखाली सरपण जमवायले लागली. वावरातून येता येता पऱ्हाट्या, तुराट्या, वाऱ्यानं पडलेल्या डांग्या, गवऱ्या... मोडून आणलेलं काहीच नाही, पडलेलंच. उकंडराव चिडे, "काऊन व, मरायची घाई झाली काय?"

"घाई नाही, पण माह्यापायी कोणत्या झाडाले कुऱ्हाड नाही लागली पायजे. अन् या निंबाले तं नाहीच नाही. सांगून ठेवते, नाही तं इसरसान!"

झडीच्या दिवसात चूल पेटेना, शेजारीण एक गवरी मागायले आली, तं ही देये नाही! "ते माह्या सामानातली आहे." सामान म्हणे! लोक माहेरी जायले गाठोडं बांधतात तसं ही मसणात जायले सामान बांधून राह्यली! आमी हसलो. आता वाटते, हसायले नव्हतं पायजे.

भादव्यात गेली. तापाचं निमित्त झालं अन् गेली. उकंडराव तिच्या पायाशी नुसता बसून होता. भगवानराव आला, लेकरासारखा रडला, अन् डोळे पुसून उठला तो म्हणते काय, "माह्या वहिनीले मी काड्याकुटक्यावर जाळू? लोक तोंडात शेण घालतीन! गावातलं सारं लाकूड पावसानं भिजलं म्हणता? दारात एवढं झाड आहे ना! तिचा जीव होता त्याच्यावर, जाऊ द्या तिच्या संगं!" अन् सारे म्हणतात, वा, लाखातलं बोलला! बायकायनं डोळ्याले पदर लावले!

उकंडराव उठला. "भगवान, तिचं सामान आहे सपरीत. झाडाले हात नका लावू." तं भगवानराव आमच्याकडं पाहून म्हणते, "दुःखानं डोकं फिरलं दादाचं. पाणी पाजा." पाजलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणे, "अरे, तिले कबूल केलं होतं मी..." "पाजा, पाजा, अजून पाजा!" त्या माणसाच्या पोटात नुसतं पाणीच पाणी, पण त्याचं बोलणं एकाच्या कानात शिरन तं शप्पथ! मी म्हटलं, भगवानराव, वहिनीनं साऱ्या गल्लीले सांगून ठेवलं आहे. तं मलेच म्हणे, "मरणाऱ्यानं नको म्हणायचं असते अन् जित्यायनं करायचं असते. तुले रीत नाही समजत." बसा! आता रीतच म्हटल्यावर ऐकते कोण!

कुऱ्हाडी आल्या. पहिला घाव माणिकरावनं घातला, तोच, दातवणवाला, अन् घालता घालता रडून राह्यला होता. झाड पडलं तवा गल्लीत एकदम लख्ख उजेड झाला.

बैलबंडीत लाकडं घातली, मसणात नेली, रचली. अन् हिरवं लाकूड पेटते काय कधी? तुमी सांगा, चूल पेटवणारी लहान पोर सांगन! पण तिथं सारे जाणते! धूर असा की तिरडी दिसेना, माणूस माणसाले दिसेना. घासलेट ओतलं, भक्कन जळे अन् पुन्हा धूर. सारे खोकून खोकून बेजार, अन् भगवानराव धुरातून म्हणते, "पेटन, पेटन, दम धरा!" तिची काय दशा ते मी नाही सांगत. मले सांगवत नाही.

उकंडराव मुकाट्यानं उठला. रिकामी बंडी घेतली, घरी गेला, अन् तिचं सामान भरून आला. त्या पऱ्हाट्या, त्या तुराट्या, एकेक गवरी त्यानं स्वतःच्या हातानं लावली. अन् काय सांगू, एका काडीत धडाडलं! गेली बाई, जाईन म्हणे तशीच गेली, आपल्या सामानावर. अन् निंबाची लाकडं? ते बाजूले ओढली होती. नुसती काळी पडलेली, ओली, जिथल्या तिथं.

परत आलो. आता मसणातून आलं की दारात कडूनिंबाचा पाला चावायचा, चूळ भरायची, मंग उंबरठा ओलांडायचा. गल्लीतल्या हरेक मयतीले पाला याच झाडाचा, दुसरीकडं जायचं कामच नाही. सवयीनं सारे रांगेत उभे राह्यले, हात पुढं... अन् पाला कुठं आहे? फांद्या अंगणात पडलेल्या, पण आमी तिकडं धूर खात होतो तवर गल्लीतल्या सरवरीबीच्या बकऱ्यायनं पान शिल्लक नव्हतं ठेवलं! सरवरीबी तोंडाले पदर लावून रडते, "मी तं अंदर भाभीसाठी रडून राह्यली होती, मले काय मालूम हो!" तिची काय चूक? बकऱ्यायची तरी काय? अन् आमी सारे मोठाले माणसं हात पसरून त्या बुडख्यासमोर उभे.

भगवानराव खालीच पाहून राह्यला होता. म्हणे, "जा रे कोणी, नदीपल्याडून पाला आणा." तं उकंडराव म्हणे, "राहू दे भगवान. एवढा वेळ तिच्या झाडाचा धूरच गिळून राह्यलो सारे. आता आणखी कोणता पाला पायजे?"

मंग मागून कोणीतरी हळूच म्हणते, "म्हाताऱ्याले पाणी पाजा."

दिला तांब्या. त्यानं एक घोट घेतला, उठला, अन् उरलेलं पाणी नेऊन बुडख्याच्या मुळीले ओतलं. मी जवळ गेलो. म्हटलं, उकंडराव, झाड नाही राह्यलं आता तिथं.

म्हणे, "मले दिसते ना बाप्पा. पण वाया घालवलं तं ती बोलन!"