तळाची जाळी

दक्षिण आफ्रिकेतल्या पोलोक्वानेच्या स्टँडवर सेशेगो गावाला जाणारी वाटणीची टॅक्सी भरायला अजून सहा माणसं हवी होती. रांगेत थांबलेल्या सेफोराला पुढचं बोलणं ऐकू येत होतं: शाळेच्या जलतरण तलावाचा राखणदार मालेसेला आणि त्याच्या शेजारच्या मोक्गादी मावशी बोलत उभे होते.

"काय रे, वादळानं तलावाचा चिखल केला म्हणे? शर्यती रद्द ना?"

"कोण म्हणतं? आत्ताच झाल्या."

"गढूळ पाण्यात?"

"छे! तळाची, निचऱ्याच्या तोंडावरची जाळी काठावरून दिसल्याशिवाय पंच शिट्टीच वाजवत नाहीत, मावशी. काल पाण्यात माझा हात दिसत नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, पंप अखंड चालू ठेव."

"मग ठेवलास?"

"बंद केला. तुरटी टाकली आणि पंपाच्या खोलीची किल्ली खिशात घालून घरी गेलो."

"अरे देवा! साहेबांच्या शब्दाबाहेर?"

"पाणी ढवळत राहिलं तर गाळ बसणार कसा? तीनदा फोन आला. शर्यत हुकली तर सोमवारपासून येऊ नकोस, म्हणाले."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, किल्ली सापडत नाही."

"खोटारडा मेला!"

"सकाळी सगळा गाळ सायीसारखा तळाशी! तो पंपानं हळूच ओढून थेट गटारात सोडला. गाळणीतून नेला असता तर इतका बारीक गाळ परत तलावातच आला असता."

"आणि जाळी?"

"पंचबाईंनी काठावरून तिचे स्क्रू मोजले. आठ."

"साहेब काय म्हणाले मग?"

"विचारलं, किल्ली कुठे सापडली रे?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, तळाशी पडली होती, साहेब. पाणी नितळल्यावर दिसली."