मरियमबाईंच्या नोटिशीला उत्तर

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, दूध संघाचे कार्यकारी संचालक साहेब, मंचावर विराजमान संचालक मंडळ, पुण्याहून अगत्याने आलेले सेवा कंपनीचे प्रतिनिधी, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती मरियमबाई साळवे, आणि पाळी संपवून तशाच आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी सुरेखा, पॅकिंग विभागातली. कामगारांच्या वतीने दोन शब्द बोलायला मला उभे केले आहे. दोनच बोलेन असे नाही.

आपल्या कल्याण कक्षाची खिडकी मरियमबाईंनी सांभाळली. फंड, बाळंतपणाची रजा, दवाखान्याचा विमा, सगळे तिथेच. गेल्या वर्षी हे काम पुण्याच्या या बाहेरच्या कंपनीला दिले आणि बाईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवले. आता साहेब म्हणतील, सुरेखाला सगळे वाईटच दिसते. नाही हो. फंडाची शिल्लक मोबाईलवर दिसते, चष्म्याचे बिल घरबसल्या मंजूर होते. आमच्या पॅकिंगमधल्या निकिताला तर ॲपच बरे वाटते. आणि बाई खिडकीत चिडल्या की अख्ख्या रांगेला ऐकू जायचे! हसू नका, बाई, खरे आहे.

पण पोळ्याच्या आदल्या दिवशी काय झाले? शीतगृहातले आपले अजिनाथभाऊ छातीत कळ येऊन पडले. नगरला नेले. ऑपरेशन लगेच करायचे, विम्याची मंजुरी हवी. त्यांच्या मंडळींनी, दगडाबाईंनी, कंपनीला फोन लावला. पलीकडून मुलगी विचारते, "कार्डधारकाचे पूर्ण नाव?"

"आमचं मालक हायेत."

"नाव सांगा, मॅडम."

"रेश्माचे पप्पा. तुमच्याकडं लिवलेलं आसंल की."

जामखेडकडच्या जुन्या वळणाच्या बाई. लग्नात उखाण्यात घेतले असेल तेवढेच. त्यानंतर नवऱ्याचे नाव तोंडातून काढले नाही. माझ्या सासूबाईही घेत नाहीत, आणि साहेब, तुमच्या आईही घेत नसतील. शेजारच्या खाटेजवळच्या माणसाने नाव सांगितले, तर म्हणे, नोंदलेल्या नातेवाइकानेच सांगायला हवे. शेवटी दगडाबाईंनी भिंतीकडे तोंड करून, रडत रडत, ते नाव घेतले. तोवर कार्ड बंद झाले होते. चुकीची उत्तरे फार झाली म्हणे, उद्या प्रयत्न करा.

त्या मुलीवर माझा राग नाही. समोर लिहून दिलेले ती वाचत होती. राग येतो तो आपली माणसे तिच्या हवाली करून हात झटकणाऱ्यांचा. काम बाहेर द्या, पण जबाबदारी बाहेर कशी देता? अडलेल्याने जायचे कुणाकडे?

दगडाबाई मरियमबाईंकडेच गेल्या, फोनवरून. "बाई, त्येंचं नाव घेतलं, तरी न्हाई म्हनत्यात." बाई निघालेल्या दुधाच्या टेम्पोत बसल्या, नगर गाठले आणि संघाच्या वतीने खर्चाच्या हमीपत्रावर सही ठोकली: हा आमचा माणूस आहे, ऑपरेशन करा. ऑपरेशन झाले. अजिनाथभाऊ तिसऱ्या रांगेत बसले आहेत, बघा.

आणि बाईंना काय मिळाले? नोटीस! 'अधिकार नसताना संघाच्या वतीने हमी का दिली, याचा खुलासा करावा.' सही साहेबांची. थोड्या वेळाने त्याच हाताने बाईंच्या खांद्यावर शाल पडणार आहे. संताप येणार नाही तर काय होईल?

बाईंनी खुलासा दिलेला नाही. "काय लिहू गं?" एवढेच म्हणाल्या. हा डाग घेऊन त्या उद्या घरी बसणार. म्हणून तो खुलासा मी देते, सर्वांसमक्ष. बाईंनी सही केली, कारण त्या दवाखान्यात संघाच्या वतीने दुसरे कुणीही उभे नव्हते.

संयोजकांचे, मांडववाल्यांचे, आणि माझ्या हाती माईक देण्याची चूक करणाऱ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावे. साहेब, आपणही. फक्त शाल उचलण्याआधी, नोटीस मागे घेतली, एवढे याच माईकवरून सांगा. अजिनाथभाऊ, दगडाबाई, तुम्ही जरा उभे राहा. साहेबांना तुमच्याकडे बघून बोलू द्या.